पायात रुळणं

नवी चप्पल चावते आणि काही दिवसांनी पायात रुळते, असं आपण सहज म्हणून जातो. चावणारी वस्तू एके दिवशी चावायची थांबते. ती सुधारलेली असते की आपण निबर झालेले असतो, याचा विचार कुणी करत बसत नाही. मीही केला नव्हता. गेल्या हिवाळ्यात क्लॉगची एक जोडी घेतली आणि पहिल्याच दिवशी भाजी मंडईतून लंगडत घरी आलो, तेव्हा करावा लागला.

क्लॉग म्हणजे पुढून बंद, टाचेकडे उघडं, पाय सरकवला की झालं असं पादत्राण. शब्द परका वाटला तरी वस्तू ओळखीची आहे. ऑपरेशन थिएटरमधल्या सिस्टर, हॉटेलच्या भटारखान्यातले आचारी, सोसायटीच्या आवारात सायकल फिरवणारी पोरं, यांच्या पायात जे भोकाभोकाचं रंगीत प्रकरण दिसतं ते क्लॉगच. एका कंपनीच्या नावावरून आपण त्या सगळ्यांनाच 'क्रॉक्स' म्हणतो, जसं फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो. माझी जोडी मात्र फोमची नव्हती. खाली कॉर्कचा तळ, वर लव असलेलं मऊ चामडं, ज्याला दुकानदार स्वेड म्हणतात, आणि पावलावरून आडवा गेलेला एक बक्कलचा पट्टा.

घ्यायचं कारण अगदी घरगुती होतं. एकदा मी सकाळपासून मोजलं. दूध, घंटागाडी, कुरिअर, शेजाऱ्यांची किल्ली, कोपऱ्यावरचा मारुती, पुन्हा कुरिअर. संध्याकाळपर्यंत उंबऱ्याबाहेर पादत्राण घालायची आणि काढायची वेळ चौदा वेळा आली. आपल्याकडे जोडे बाहेर काढल्याशिवाय घरात पाऊल टाकत नाहीत, आणि पन्नाशीनंतर चौदा वेळा वाकून लेस बांधायची हौस राहत नाही. चप्पल होतीच, पण थंडीत बोटं गारठतात आणि रस्त्यावरचा खडा नेमका अंगठ्यावर येतो. पुढून झाकलेलं आणि मागून मोकळं, हा मध्यम मार्ग पटला.

पहिल्या दिवशी मंडईपर्यंत ठीक होतं. परतताना दोन्ही हातांत पिशव्या आणि पावलाच्या वरच्या उंचवट्यावर, नेमकं पट्ट्याच्या कडेखाली, आग. घरी येऊन पाहिलं तर दोन्ही पायांवर रुपयाएवढे फोड. पावलाच्या पोकळीत तर गोटा ठेवल्यासारखं दुखत होतं. 'आरामदायी' म्हणून घेतलेली वस्तू ही!

फोडाबद्दल आपली एक चुकीची समजूत असते. चप्पल वरून घासली म्हणून कातडी सोलली, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात घासून आलेला फोड बहुतेक वेळा आतून फाटून येतो. चामड्याचा पट्टा कातडीला धरून ठेवतो, पण आतलं हाड दर पावलागणिक पुढेमागे सरकत असतं. वरची कातडी जागच्या जागी आणि खालचं हाड हलतं, म्हटल्यावर मधले थर प्रत्येक पावलाला ताणले जातात. पन्नास पावलं ते सोसतात, पाचशे सोसत नाहीत. त्या थरांत चीर पडते, तिथे पाणी भरतं आणि फोड वर येतो. घामाने दमटलेली कातडी पट्ट्याला जास्त चिकटते, म्हणून दमट पायाला फोड लवकर येतो. पायमोजा उपयोगी पडतो तो जाडीमुळे नव्हे. कातडीचं सरकणं तो स्वतःवर घेतो.

मागून उघड्या पादत्राणात हे सरकणं मुळातच जास्त. बुटाला टाचेमागे आधार असतो, लेस असते. क्लॉगला पाय धरून ठेवायला एकच जागा असते, पावलाचा वरचा उंचवटा. तिथे पकड सैल असेल तर बोटं आपोआप आकडीसारखी वळून खालचा तळ धरू पाहतात. दिवसभर हा उद्योग चालला की पिंढऱ्या भरून येतात आणि माणूस म्हणतो, चालल्याने थकलो. पकड घट्ट असेल तर तीच जागा चावते. क्लॉग रुळण्याची सगळी कथा या एका हाताएवढ्या जागेत घडते.

त्या कथेत कुणीतरी नमावं लागतं. कोण नमतं, ते क्लॉग कशाचा आहे यावर ठरतं.

सगळ्यात जुना क्लॉग लाकडाचा, आणि लाकूड नमत नाही. नेदरलँड्समधला सर्वांत जुना लाकडी जोडा ॲमस्टरडॅममध्ये सापडला, तो साधारण १२३० सालचा आणि आल्डर लाकडाचा आहे. पुढे डच लोक विलो आणि पॉपलर वापरू लागले. या जोड्याला ते 'क्लोंप' म्हणतात. ओलं, ताजं तोडलेलं लाकूड आतून कोरायचं आणि मग वाळू द्यायचं, कारण वाळलेलं लाकूड कोरताना हात मोडतात. जमीन सखल, कायम चिखलाची. चामड्याचा बूट तिथे कुजला असता. लाकूड पाणी अडवतं, ऊब धरतं आणि पावलावर गाईचा खूर पडला तरी बोटं शाबूत राहतात. आजही क्लोंपला युरोपात सुरक्षा-पादत्राण म्हणून मान्यता आहे. आपल्या घराप्रमाणे तिथेही ते दाराबाहेर काढून ठेवायची रीत होती.

एका अखंड लाकडात पाय घालून चालायचं कसं? पाऊल टाकताना आपण चवड्यावर वाकतो, बोटं दुमडतो. क्लोंप वाकत नाही. म्हणून त्याचं नाक वर वळवलेलं असतं, आणि माणूस टाचेवरून नाकाकडे झुलत्या खुर्चीसारखा डुलत पुढे जातो. जोडा घेताना पाय पुढे सरकवून टाचेमागे एक बोट जाईल एवढी जागा ठेवायची आणि जाड लोकरीचे मोजे घालायचे. हे डुलणं अंगात मुरायला दिवस लागतात, आणि हे सगळं शिक्षण पायाचं असतं. डच भाषेत अगदी उघड गोष्टीबद्दल 'ही तर क्लोंपमधूनही जाणवते' असं म्हणतात. म्हणजे लाकडातून सहसा काही जाणवत नाही, हे त्यांनाही मान्य आहे.

आपल्याकडच्या खडावा याहून कडक. पुढे एक खुंटी, ती अंगठा आणि शेजारच्या बोटात धरायची. ना पट्टा, ना वरचं झाकण. देवघरातल्या पादुकांना आपण हळदकुंकू वाहतो, पण त्या घालून विहिरीपर्यंत जाऊन दाखवा म्हटलं तर दहा पावलांत गंमत कळेल. खडावा रुळत नाहीत. खडावा घालणारा रुळतो.

फ्रान्समधल्या लाकडी जोड्याला 'साबो' म्हणत, आणि त्यावरून 'साबोटाज' म्हणजे घातपात हा शब्द आला. कामगारांनी रागाने साबो यंत्रात फेकले म्हणून हा शब्द पडला, अशी एक झकास गोष्ट सांगतात. गोष्ट म्हणून ती मला आवडते, पण बहुधा ती नंतर रचलेली आहे. 'साबोते' या क्रियापदाचा अर्थ साबो आपटत चालणं, त्यावरून गबाळं, वेळकाढू काम करणं. १८९७ साली तुलूझमधल्या कामगार अधिवेशनात 'साबोटाज'चा पुरस्कार झाला तो याच अर्थाने, मुद्दाम ढिसाळ काम करून मालकाला जेरीस आणायचं म्हणून. लाकडी जोड्यातल्या माणसाची चाल शहरी लोकांना गबाळी वाटे, एवढंच त्यातून कळतं.

इंग्लंडात लँकशायरच्या कापडगिरण्यांत तळ लाकडाचा आणि वरचा भाग चामड्याचा असे. लाकडाखाली घोड्याच्या नालासारखी लोखंडी पट्टी ठोकलेली. पहाटे पाळीला निघालेल्या शेकडो पायांचा दगडी रस्त्यावर खडखडाट होई, आणि त्याच आवाजातून तिथलं क्लॉग-नृत्य वाढलं. चार्ली चॅप्लिन लहानपणी 'एट लँकशायर लॅड्स' नावाच्या क्लॉग नाचणाऱ्या मुलांच्या मंडळीत होता. त्याच्या पुढच्या त्या फेंगड्या चालीचा उगम तिथे आहे का, हे मी सांगणार नाही. पण त्याचे पाय पाहताना मला ते आठवतं खरं.

स्वीडनचे क्लॉग याच जातीचे, फक्त लोखंडाविना. खाली आल्डरचं लाकूड, वर चामडं, आणि दोन्ही जोडायला कडेने ठोकलेले खिळे नाहीतर पिना. १९७०च्या दशकात ते शेतातून थेट फॅशनमध्ये गेले. इथे नमण्याची वाटणी झालेली असते. खालच्या लाकडापुढे पाय नमतो आणि वर पायापुढे चामडं.

चामड्याचं नमणं आपल्याला परकं नाही. कोल्हापुरी पायताणाचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावतात. नवं पायताण लाकडासारखं ताठ असतं. आजोबा नवी जोडी आणली की आतून एरंडेल चोळून रात्रभर कोपऱ्यात ठेवत. सकाळी ओसरीवर चार फेऱ्या, की पुन्हा तेल. आठ-दहा दिवस हा कार्यक्रम चाले, आणि त्या दिवसांत बाहेर जाताना ते जुनीच जोडी घालत. चामडं म्हणजे एकमेकांत गुंतलेले तंतू. तेल त्या तंतूंमध्ये शिरून वंगणाचं काम करतं. मग ते एकमेकांवरून सरकू लागतात. पायाची ऊब आणि घाम यांनीही थोडंफार तेच होतं. तंतू नव्या जागी बसतात, वाळतात आणि तिथेच राहतात. करंगळीपाशी जो फुगवटा दिसतो तो म्हणजे चामड्याला पाठ झालेली तुमची करंगळी.

हे सगळं मला माहीत होतं, आणि तिथेच घात झाला. फोड आल्याच्या रात्री मी आजोबांचं स्मरण करून स्वेडच्या पट्ट्यावर एरंडेल चोळलं. स्वेड म्हणजे चामड्याची आतली, लव असलेली बाजू वर काढलेली. तेल लागताच ती लव चिकटून बसली आणि करड्या रंगावर पापडाएवढा काळा डाग उमटला. ब्रश झाला, टाल्कम पावडर झाली. डाग अजून आहे. गुळगुळीत चामड्याला तेल किंवा चामड्याचं क्रीम चालतं. लवेच्या चामड्याला फक्त कोरडा ब्रश, आणि पायाची ऊब. त्याला मऊ करणारं दुसरं काही नसतं.

दुसऱ्या दिवशी क्लॉग पिशवीत घालून कोपऱ्यावर चपला शिवणाऱ्या काकांकडे गेलो. त्यांनी डागाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलले नाहीत. मग मला क्लॉग घालून उभं राहायला सांगितलं, पट्ट्याखाली आपलं बोट घालायचा प्रयत्न केला, जाईना. म्हणाले, "साहेब, तुमचं पाऊल उंच आहे. बक्कल पहिल्या भोकात ठेवून जगात कुठं चालतात का?" पट्टा दोन भोकं सैल केला. फोड बसेपर्यंत घालायचं नाही, आणि मग आठ दिवस फक्त घरात, असं बजावलं. पैसे घेतले नाहीत.

आता कॉर्क. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात खरी बघण्यासारखी वस्तू हीच.

बाटलीचं बूच ज्याचं असतं तेच हे कॉर्क. भूमध्य समुद्राच्या आसपासच्या प्रदेशात, मुख्यतः पोर्तुगाल आणि स्पेनमध्ये, एका जातीच्या ओकची साल म्हणजे कॉर्क. झाड तोडत नाहीत. साधारण पंचवीस वर्षांचं झालं की पहिल्यांदा साल सोलतात, आणि मग दर नऊ वर्षांनी. मधल्या काळात झाड नवी साल धरतं. १६६५ साली रॉबर्ट हूकने कॉर्कचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला. त्याला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी रिकामी घरं दिसली, आणि त्यांना त्याने 'सेल' म्हटलं. जीवशास्त्रातल्या पेशीला तिचं इंग्रजी नाव मिळालं ते या बुचावरून. एका घन इंचात अशी सव्वाशे कोटींहून जास्त घरं असावीत, असा हिशेबही त्याने मांडला.

ही घरं हवेने भरलेली असतात आणि त्यांच्या भिंती मेणचट, पाणी न शिरू देणाऱ्या. त्यामुळे कॉर्कचा एक अजब गुण आहे. खोडरबर वरून दाबलं तर ते बाजूने फुगतं. कॉर्क दाबलं तर ते चेपतं, पण बाजूला जवळजवळ फुगतच नाही. भिंतींना घड्या पडतात आणि हवा दबते. बूच बाटलीत सरळ शिरतं आणि रबराची गोळी शिरताना त्रास देते, ते यामुळेच. पायाखाली हा गुण कामी येतो. टाचेखालचं कॉर्क दबलं म्हणून शेजारी उंचवटा उठत नाही. जिथे भार, तिथेच खड्डा.

क्लॉगच्या तळात अखंड साल नसते. कॉर्कचे दाणे रबराच्या चिकात, म्हणजे लॅटेक्समध्ये, मिसळून साच्यात दाबतात. त्यावर ज्यूटचा थर, आणि सगळ्यात वर मऊ चामडं. साच्याचा आकार आधीच पावलासारखा असतो. टाचेला खोलगट वाटी, पोकळीखाली चढ, चवड्याशी आडवा उंचवटा आणि बोटांखाली एक वळी, जी बोटांना धरायला आधार देते. हा आकार जगभर नेला जर्मनीच्या बिर्केनस्टॉक घराण्याने. या घराण्यातल्या योहान आडाम बिर्केनस्टॉकची चर्चच्या दप्तरात १७७४ साली मोची म्हणून नोंद आहे. त्याच घराण्यातल्या कॉनराडने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वळणाचा तळ आणि लवचीक आधार बनवायला सुरुवात केली. १९६३ साली कार्ल बिर्केनस्टॉकने तो तळ थेट सँडलला बसवला. त्यांचा 'बॉस्टन' नावाचा क्लॉग १९७०च्या दशकातला. १९६६ पासून मार्गोट फ्रेझर या बाईंनी हे सँडल अमेरिकेत विकायला सुरुवात केली, तेव्हा बुटांची दुकानं ते घ्यायला तयार नव्हती. म्हणून ते आरोग्यखाद्याच्या दुकानांत, डाळी आणि कोंड्याच्या शेजारी विकले गेले. २०२२च्या सुमारास त्याच 'बॉस्टन'साठी तरुण मुलं महिनोन्महिने थांबत होती, आणि २०२३ साली कंपनी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात उतरली.

माझ्या पोकळीतला 'गोटा' म्हणजे त्या साच्याचा चढ. सपाट रबरी चपलेला सरावलेल्या पावलाला तो पहिल्या दिवशी परकाच वाटणार. आपल्या प्रत्येक पावलात २६ हाडं असतात, आणि वर्षानुवर्षं पोकळ राहिलेल्या कमानीला अचानक खालून कुणी टेकू दिला तर तिथले स्नायू-बंध कुरकुरतात. पुढच्या काही आठवड्यांत दोन गोष्टी एकदम घडतात. तुमच्या उबेने आणि भाराने कॉर्क-लॅटेक्सचा तळ चेपत जातो, आणि चढ थोडा खाली बसतो. तोवर पाऊलही टेकू सहन करायला शिकतं. लाकडात पाय नमतो, चामड्यात चामडं. कॉर्कमध्ये दोघं अर्ध्या वाटेवर भेटतात.

म्हणून काकांचा 'आठ दिवस घरात' हा नियम नुसता जपणुकीचा नाही. पहिल्या दिवशी अर्धा तास, नंतर तास, दीड तास. दुखायला लागायच्या आधी काढायचं. कातडीचंही असंच आहे. तिला थोडा त्रास आणि मग उसंत मिळाली तर ती जाड होते. एकदम खूप त्रास दिला तर फाटते. घट्टा आणि फोड यांत फरक असतो तो वेळेचा. मी सकाळी पोहे परतताना आणि संध्याकाळी बातम्या बघताना घालत होतो. घरात पादत्राण घालणं आमच्या आईला बघवत नव्हतं. "तळ कोरा आहे, रस्त्यावर गेलेलाच नाही," हे मी तिला तीन वेळा सांगितलं. पहिल्या दिवशी एकदाच मंडईला गेला होता, पण जुन्या टूथब्रशने घासला होता!

तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी लक्षात आलं की क्लॉग पायात आहेत याचं भान नाही.

एक सावधगिरी. रुळवण्याने चुकीचं माप बरोबर होत नाही. चामडं रुंदीत सैल होतं, लांबीत होत नाही. कॉर्कची कड तर अजिबात हलत नाही. उभं राहून पाहावं. बोटं पुढच्या कडेला टेकत नसावीत, आणि टाच वाटीच्या मधोमध असावी, मागच्या काठावर चढलेली नसावी. दोन्हीकडे थोडी जागा हवी, कारण चालताना पाऊल पुढे-मागे सरकतं आणि भाराने लांबही होतं. दर पावलाला टाच तळापासून जराशी उचलली जाते, ते या जातीच्या चालीतच आहे. ती बुटासारखी घट्ट बसावी म्हणून एक माप लहान घ्याल तर बोटांची खैर नाही. दुकानात संध्याकाळी जावं, दिवसभरात पाय फुगलेले असतात. आपल्याकडे चवडा रुंद असणारी माणसं बरीच, विशेषतः ज्यांचं लहानपण अनवाणी गेलं. काही जर्मन जोड्यांच्या तळावर पावलाचं चित्र छापलेलं असतं. नुसती बाह्यरेषा असेल तर माप रुंद, आतून भरलेलं असेल तर अरुंद. मी ते चित्र नक्षी समजून सोडून दिलं होतं.

फोमच्या क्लॉगबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण तिथे कुणाला नमावंच लागत नाही. क्रॉक्स २००२ साली अमेरिकेत, फ्लोरिडामधल्या बोटींच्या प्रदर्शनात आले. आणलेल्या २०० जोड्या तिथेच संपल्या. ओल्या डेकवर न घसरणारं, पाण्याने न बिघडणारं, कमी वजनाचं पादत्राण एवढाच हेतू होता. २०१० मध्ये 'टाइम'ने त्यांना सर्वांत वाईट पन्नास शोधांच्या यादीत घातलं, तरी त्यांचं काही अडलं नाही. हा फोम म्हणजे बंद बुडबुड्यांचा गठ्ठा. पहिल्याच दिवशी मऊ, आणि पाऊल उचललं की पुन्हा जसाच्या तसा. तुमच्या पायाचा आकार तो लक्षात ठेवत नाही. दीड-दोन वर्षांनी त्याचे बुडबुडे चेपून बसतात आणि तो नुसता थकतो. रुळत नाही. उन्हात बंद गाडीत किंवा विदर्भातल्या मे महिन्याच्या गच्चीवर ठेवला तर आकसतोही, आणि मग धाकट्या भावंडाच्या पायात जातो. त्याला मागे जो फिरता पट्टा असतो तो बहुतेक जण पुढे टाकून ठेवतात. लांब चालायचं असेल तर तो टाचेमागे घ्यावा. बोटांचं आकडीसारखं वळणं तेवढंच थांबतं. आणि सरकत्या जिन्यावर मुलांच्या पायात मऊ फोमचे क्लॉग असतील तर त्यांना पायरीच्या कडेपासून लांब उभं करावं. असे क्लॉग कडेच्या फटीत ओढले गेल्याचे अपघात अनेक देशांत झाले आहेत.

सगळ्यांनीच क्लॉग घालावेत असं मी म्हणणार नाही. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे त्यांनी तर 'रुळवणं' हा शब्दच विसरावा. चावलेलं त्यांना कळत नाही, आणि न कळलेल्या फोडाची जखम होते. त्यांचं पादत्राण पहिल्या दिवसापासून बिनचूक हवं, आणि टाचेला पट्टा असलेलं. या बाबतीत आपल्या देशातलं एक काम मोलाचं आहे. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांसाठी सूक्ष्म छिद्रांच्या रबराची चप्पल तयार केली. दुकानात टाच दुखणाऱ्याला 'एमसीआर घ्या' म्हणून जी मऊ चप्पल दाखवतात, तिच्यातलं रबर तेच.

ज्यांच्या टाचांना भेगा पडतात त्यांनाही मागून उघडं पादत्राण सोयीचं नाही. उघड्या टाचेची चरबी भाराने बाजूला पसरते, कोरडी कातडी ताणली जाते आणि फाटते. थंडीत रात्री कोकमतेल लावावं. गोव्याकडे त्याला भिरंडेल म्हणतात, आणि गरम करून भेगेत सोडलं की जीव कसा कळवळतो हे ज्याने लावलंय त्यालाच ठाऊक. मोटार चालवताना आणि धावत बस पकडताना क्लॉग नको, हे वेगळं सांगायला नको.

जून आला की कॉर्क-स्वेडवाले क्लॉग मी आत ठेवतो. पुण्याच्या पावसात स्वेडवर चार दिवसांत हिरवट बुरशी धरते. भिजलेच तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत, पंख्याखाली वाळवायचे. उन्हात किंवा हीटरसमोर ठेवले तर कॉर्क कोरडं पडून कडेला चिरा जातात. कडेची चकाकी गेली की कॉर्कच्या कडेला लावायचं सीलर मिळतं, त्याचा एक हात द्यावा. पावसाळाभर फोमचे भोकांचे क्लॉग. एका बाजूने चिखल येतो, दुसऱ्या बाजूने जातो.

परवा कॉर्कवाली जोडी पुन्हा काकांकडे नेली. तळाखालचं रबर झिजलं होतं, उजव्या टाचेच्या बाहेरच्या कोपऱ्यात तर कॉर्क दिसायला लागलं होतं. त्यांनी क्लॉग उलटा करून पाहिला. "उजव्या खांद्यावर पिशवी घेता," म्हणाले. घेतो. मग त्यांनी आतला तळ अंगठ्याने चाचपला. टाचेची वाटी, चवड्याचा खड्डा, पाच बोटांचे पाच काळपट ठसे, त्यांतला दुसऱ्या बोटाचा अंगठ्याच्याही पुढे. "हे असंच राहू देतो, खालचं तेवढं बदलतो." जुनं रबर सोलून काढलं, कड घासली, चिकटद्रव्य लावून थोडा वेळ वाळू दिलं आणि नवा तळ ठोकून बसवला. दोनशे रुपये घेतले.

तिथूनच क्लॉग घालून मंडईला गेलो. येताना हातात सात किलो भाजी होती. तळ नवा कोरा होता, पण कुठे चावलं नाही.